दोन गिटार, ठरवलेलं काहीच नाही: उत्स्फूर्त वादनाचा अल्बम घरी कसा करायचा

मी आणि माझा मित्र, दोघंही गिटार वाजवतो. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या फ्लॅटमधे आम्ही सहा बैठकांत साडेसात तास वाजवलं, त्यातली ४१ मिनिटं निवडली आणि अल्बम म्हणून प्रसिद्ध केली. ना राग, ना ताल, ना कॉर्ड्सचा क्रम, ना आधी बांधलेली धून. अशा वादनाचं ध्वनिमुद्रण, निवड, हक्क आणि प्रकाशन याबद्दल एकत्र माहिती आम्हाला मराठीत सापडली नाही. प्रत्येक टप्प्यावर अडखळलो, काही चांगली रेकॉर्डिंग्ज कायमची गमावली. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. तबला आणि सतार एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. दोन गिटार येतात. दोन्हींची खालची तार ८२ हर्ट्झला, दोन्हींचा मधल्या सुरांचा भरणा तोच, दोन्ही हात सारख्याच सवयींचे. त्यामुळे पुढच्या जवळपास प्रत्येक पायरीला तोच प्रश्न येईल: दुसऱ्या गिटारला जागा कुठे आहे?

१. वाजवण्याआधी महिनाभर ऐका

हे संगीत आभाळातून पडलेलं नाही. शेफील्डमधे १९३० साली जन्मलेले गिटारवादक डेरेक बेली बरीच वर्षं क्लब आणि स्टुडिओतली व्यावसायिक कामं करत होते. साठच्या दशकात ते मुक्त वादनाकडे वळले आणि १९७० मधे इव्हान पार्कर, टोनी ऑक्सली यांच्यासह त्यांनी लंडनमधे 'इन्कस' हे स्वतःचं लेबल काढलं. बेलींची इम्प्रोव्हायझेशनवरच्या पुस्तकातली मांडणी भारतीय संगीतापासून सुरू होते. रागसंगीत, फ्लॅमेन्को यांसारख्या एखाद्या शैलीच्या आतलं उत्स्फूर्त वादन आणि कोणत्याच शैलीशी न बांधलेलं वादन, असा फरक त्यांनी केला. आपल्याकडे 'उपज' म्हणतात ती पहिल्या प्रकारातली. आपण इथे बोलतोय ते दुसऱ्याबद्दल.

लंडनमधेच १९६५ साली सुरू झालेल्या 'एएमएम' या गटात कीथ रो यांनी गिटार टेबलावर आडवी ठेवली. त्यांच्या मांडणीत रेडिओही असे. गिटारवादक फ्रेड फ्रिथ यांचा १९७४ चा 'गिटार सोलोज' तर जोडीनं वाजवणाऱ्यांनी ऐकायलाच हवा. त्यांनी गिटारच्या नटजवळ, म्हणजे खुंट्यांच्या बाजूला, आणखी एक पिकअप (तारांची कंपनं विजेच्या संकेतात बदलणारा भाग) बसवला आणि कापो (सगळ्या तारा एका पडद्यावर दाबून धरणारा चिमटा) लावून तारांचे दोन भाग केले. एकाच गिटारमधून दोन स्वतंत्र आवाज, एक डाव्या कानात, एक उजव्या. जागा वाटून घेणं म्हणजे काय, ते मला त्या रेकॉर्डवरून कळलं.

मग दोन गिटारच्या जोड्या ऐका. फ्रिथ आणि हेन्री कायझर यांचा १९७९ चा 'विथ फ्रेंड्स लाइक दीज' खोडकर आणि धावता आहे. लॉरेन कॉनर्स आणि जिम ओ'रूर्क यांचा १९९९ चा 'इन बर्न' अगदी त्याउलट, संथ. दोन्ही हेडफोनवर ऐका आणि एका वेळी फक्त एकाच वादकाकडे लक्ष द्या. तो कधी थांबतो, तेवढंच वहीत टिपा.

२. आवाजाची वाटणी आधी, सूर नंतर

पहिल्या दोन बैठकांत आम्ही दोघांनी स्टील तारांच्या गिटार, स्टँडर्ड ट्युनिंगमधे, साधारण एकाच टोनवर वाजवल्या. प्रत्यक्ष खोलीत मजा आली. रेकॉर्डिंग ऐकलं तर सगळा चिखल. कोण काय वाजवतंय तेच कळेना. त्या दोन्ही बैठका पूर्ण वाया गेल्या.

तिसऱ्या वेळी मित्रानं नायलॉन तारांची गिटार घेतली आणि मी इलेक्ट्रिक, सगळ्या तारा एक पूर्ण स्वर उतरवून. फरक पहिल्याच मिनिटाला ऐकू आला. तुमच्याकडे दोन सारख्याच गिटार असतील तर एकानं पाचव्या पडद्यावर कापो लावा, एकानं पिकऐवजी बोटं वापरा, एकानं पुलाजवळ (ब्रिज, तारा खोडावर टेकतात तिथे) वाजवा आणि दुसऱ्यानं बाराव्या पडद्यावर. लीड आणि ऱ्हिदम अशी वाटणी मात्र करू नका. ती केली की एक जण मागे बसतो आणि तासाभरात कंटाळतो.

गिटारवर वस्तू लावून आवाज बदलायचा असेल तर हे सामान पुरतं:
– क्रोकोडाइल क्लिप (पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात)
– विणकामाची सुई, स्टीलचा चमचा, जाड रबर बँड
– व्हायोलिनचा गज आणि राळ
– पुलाजवळ तारांखाली सरकवायला सुती कापडाची पट्टी
– बॅटरीवर चालणारा हातातला छोटा पंखा; पाती मऊ प्लॅस्टिकचीच हवी

सावध: तारांखाली धातूची जाड वस्तू घातली की ताण वाढतो आणि जुनी तार तुटून चेहऱ्यावर येऊ शकते. चष्मा घाला. महागड्या गिटारवर हे प्रयोग नकोत; सेकंडहँड घ्या.

लूपर (वाजवलेला तुकडा परत परत वाजवणारं यंत्र) किंवा लांब डिले (प्रतिध्वनी देणारं यंत्र) दोघांकडे असेल तर एका वेळी एकानंच चालू ठेवायचा, असं ठरवून घ्या. दोन लूपर एकत्र चालले की खोलीत चार गिटार होतात आणि त्यातल्या दोघी काहीच ऐकत नसतात.

३. उत्स्फूर्त वादनाचाही रियाज असतो

"ठरवायचंच नाही तर सराव कसला?" असं आम्हाला अनेकांनी विचारलं. सराव सवयी मोडण्याचा असतो. आम्ही चार महिने आठवड्यातून दोनदा हे केलं:

तीन मिनिटांचा टायमर लावायचा आणि प्रत्येकानं फक्त एकच आवाज वापरायचा. नंतर एक मिनिट एकानं वाजवायचं, दुसऱ्यानं हात तारांवर ठेवून गप्प बसायचं, मग अदलाबदल. हे दुसरं फार अवघड आहे. मला पहिले कित्येक दिवस ते मिनिट पूर्ण करता आलं नाही. एकदा मित्र वैतागून म्हणाला, "अरे, थांब ना जरा. मी काय वाजवतोय ते मलाच ऐकू येत नाहीये." त्या दिवसापासून मी खरं ऐकायला लागलो.

सगळ्यात मोठा सापळा सवाल-जवाबाचा. आपण लहानपणापासून जुगलबंदी ऐकलेली असते. समोरच्यानं एक फ्रेज टाकली की हात आपोआप तीच परत करतो, थोडी सजवून. मैफलीत त्यावर टाळ्या पडतात, कारण तिथे राग आणि ताल दोघांना बांधून ठेवतात आणि श्रोत्याला सम कुठे येणार ते माहीत असतं. इथे ते बंधन नाही, म्हणून नक्कल चौथ्या वेळेला पोकळ वाटायला लागते. उपाय: समोरच्याच्या वाक्याला उत्तर द्यायचंच असेल तर वीस सेकंद थांबून द्या. किंवा देऊच नका, आपलं चालू ठेवा. दोन वेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी चालू राहिल्या की त्यांच्यात आपोआप नातं तयार होतं, आणि ते तुम्ही मुद्दाम जोडलेल्या नात्यापेक्षा पुष्कळदा चांगलं असतं.

दुसरा सापळा शेवटाचा. तिहाई (तीनदा वाजवून समेवर संपणारा तुकडा) नाही, तर संपवायचं कसं? नवखी जोडी नेहमी हळूहळू आवाज कमी करत विरत जाते, आणि त्याला तीन-तीन मिनिटं लागतात. आमच्या टेक्स (एका दमात रेकॉर्ड केलेले तुकडे) ऐकताना लक्षात आलं की बहुतेक तुकड्यांत शेवटाची संधी दोनदा आली होती. पहिली आम्ही सोडली आणि नंतर नुसतं ओढत राहिलो. म्हणून फक्त शेवटाचा सराव करा: दोन मिनिटांचे दहा तुकडे, डोळे मिटून, खूण न करता एकत्र थांबायचं.

४. खोली आणि वीज

घरी रेकॉर्डिंग करताना आवाज बाहेरून येतो त्याहून जास्त विजेच्या तारांतून येतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे गुणगुण तिथे आणि तिच्या पटींत ऐकू येते. क्रम लावून तपासा:

आधी अर्थिंग. जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असतं पण मागे अर्थिंगची वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घ्या. हा प्रश्न आवाजाइतकाच जिवाचा आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांना आणि माइकला एकदम हात लागला आणि झटका बसला तर तिथेच थांबा.

मग पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि डिमर. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप त्यांची करकर थेट उचलतो. पंखा फुल ठेवून उपयोग नाही, बंदच करा. इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नका. स्वस्त इन्व्हर्टरची वीज इतकी खडबडीत असते की ती नंतर साफ होत नाही. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर ठेवून नायलॉन गिटारचे तुकडे घ्या.

मोबाइल एअरप्लेन मोडवर. फ्रिज बंद करायचा असेल तर घराची किल्ली फ्रिजमधे ठेवा, म्हणजे परत चालू केल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. हे आम्ही दूध आणि भाजी खराब करून शिकलो.

वेळेचं म्हणाल तर सकाळी कुकरच्या शिट्ट्या, दुपारी भंगारवाला, संध्याकाळी हॉर्न. आम्हाला रात्री अकरानंतरची वेळ जमली, अ‍ॅम्प अगदी हळू ठेवून. बाजूच्या बिल्डिंगच्या पत्र्यावरचा पाऊस एका टेकमधे आलाय. तो आम्ही ठेवला, कारण त्या टेकमधे आम्ही दोघंही त्या पावसाला धरूनच वाजवत होतो.

पावसाळ्यात अकूस्टिक गिटारचं लाकूड फुगतं आणि तारांची उंची बदलते. केसमधे सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. तारा बैठकीच्या दोन दिवस आधी बदला. ऐन वेळी बदलल्या तर तासभर सूर उतरत राहतो.

५. माइक आणि लॅपटॉप

दोन इनपुटचा इंटरफेस (माइक आणि गिटार लॅपटॉपला जोडणारी पेटी) चालतो, चार असले तर उत्तम. समोरासमोर बसा, अंदाजे सहा फुटांवर, एकमेकांचे हात दिसतील असे. अकूस्टिकला छोटा कंडेन्सर माइक बाराव्या पडद्याकडे रोखून, वीतभर ते दीड वीत लांब. भोकासमोर ठेवला तर नुसता घुमार येतो. अ‍ॅम्पला डायनॅमिक माइक, जाळीच्या जवळ, स्पीकरच्या मध्यापासून थोडा बाजूला. दोन माइकमधलं अंतर हे माइक आणि वाद्य यांच्या अंतराच्या निदान तिप्पट ठेवा, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्यात शिरून पोकळ होत नाही. चार इनपुट असतील तर उरलेले दोन माइक खोलीसाठी. आमच्या अल्बममधला जिवंतपणा बराचसा तिथून आला.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ पुरेसं आहे. पातळी अशी ठेवा की सगळ्यात जोराचा आघात मीटरवर उणे १० ते १२ डेसिबलच्या वर जाणार नाही. उत्स्फूर्त वादनात पुढचा आघात किती जोराचा असेल ते वाजवणाऱ्यालाही माहीत नसतं, त्यामुळे वर मोकळी जागा सोडायला कंजुषी करू नका. चार ट्रॅकच्या एका तासाला सुमारे २.१ जीबी जागा लागते. सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी फुकट आहे. आम्ही रीपर वापरलं.

६. बैठक

पहिल्या माणसानं गिटार हातात घेण्याआधी रेकॉर्डिंग सुरू करा आणि मधे थांबवू नका. तुकडा संपला की मोठ्यानं क्रमांक सांगा, वहीत वेळ लिहा. लगेच परत ऐकू नका. आम्ही दुसऱ्या बैठकीत प्रत्येक टेकनंतर ऐकायचो, आणि मग पुढच्या टेकमधे मागच्यातलं आवडलेलं परत वाजवायचा प्रयत्न व्हायचा. ते एकदाही जमलं नाही.

दोन तासांच्या पुढे बैठक नेऊ नका. कान थकले की हात जास्त वाजवायला लागतात.

त्याच रात्री फाइल्सची दुसऱ्या डिस्कवर प्रत करा. आम्ही "उद्या करू" म्हणून झोपलो, दुसऱ्या दिवशी हार्ड डिस्क उघडली नाही. चौथ्या बैठकीतला दीड तास गेला, आणि माझ्या आठवणीप्रमाणे आमचं सगळ्यात चांगलं वादन त्यात होतं.

७. निवड

अल्बम खऱ्या अर्थानं इथे होतो. तीन आठवडे काहीही ऐकू नका. मग दोघांनी वेगवेगळं ऐकायचं, न बोलता, आणि प्रत्येक टेकपुढे 'हो', 'नाही' किंवा 'पाहू' लिहायचं. ज्याच्यापुढे दोघांचं 'हो' असेल तेच पुढे न्यायचं. ज्या टेकमधे मला माझं वादन फार आवडलं होतं, त्यापुढे मित्रानं बहुतेक वेळा 'नाही' लिहिलं होतं. मी परत ऐकलं तेव्हा कळलं की त्या टेक्समधे त्याला शिरायला जागाच नव्हती.

आतली काटछाट करावी का, यावर दोघांनी आधीच एकमत करा. आम्ही फक्त सुरुवात आणि शेवट कापला, मधे हात लावला नाही. तुम्ही तुकडे जोडत असाल तर तेही प्रामाणिक काम आहे, फक्त अल्बमच्या माहितीत तसं लिहा.

८. मिक्सिंग थोडक्यात

एक गिटार डावीकडे, एक उजवीकडे, पण पूर्ण टोकाला नको. हेडफोनवर डोकं दुभंगल्यासारखं होतं. ७० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. गर्दी बहुधा २०० ते ४०० हर्ट्झमधे असते. तिथे एकाच गिटारचं दोन-तीन डेसिबल कमी करा, दोन्हींचं नाही. कॉम्प्रेसरचा (हळू आणि मोठ्या आवाजातला फरक कमी करणाऱ्या साधनाचा) मोह टाळा. स्ट्रीमिंग सेवा आवाजाची पातळी स्वतःच उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास आणतात. आमचा अल्बम उणे १९ ला आहे आणि त्यातली शांतता शाबूत आहे.

९. हक्क आणि कागदपत्रं

लिहून न ठेवलेल्या संगीताला कॉपीराइट मिळतो का? मिळतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'संगीतकृती'च्या मूळ व्याख्येत ती लिखित किंवा छापील असणं गृहीत होतं. १९९४ च्या दुरुस्तीनं ती अट गेली. आता संगीत हीच कृती, स्वरलिपी असो वा नसो. तुमचा टेक ही तुम्हा दोघांची रचना आहे.

पण ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो, आणि कायद्यानं त्याचा कर्ता म्हणजे निर्माता: ज्यानं ते करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. एखाद्या स्टुडिओनं "पैसे नकोत, आपण मिळून करू" म्हटलं तर हा मुद्दा आधी कागदावर आणा. आमच्या ओळखीतल्या एका जोडीला स्वतःचंच रेकॉर्डिंग दोन वर्षं मिळालं नाही.

जवळ ठेवायचं ते:
– दोघांच्या सह्यांचा करार: रचनेत कोणाचा किती वाटा, ध्वनिमुद्रणाची मालकी, जोडी फुटली तर काय
– साउंड इंजिनिअर आणि मुखपृष्ठ करणाऱ्याचं लेखी संमतिपत्र
– पॅन कार्ड, बँक खातं, आंतरराष्ट्रीय पैशांसाठी पेपॅल खातं
– प्रत्येक ट्रॅकचा आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाची ओळख सांगणारा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक (बहुतेक वितरक, म्हणजे अल्बम स्ट्रीमिंग सेवांपर्यंत पोचवणाऱ्या कंपन्या, स्वतः देतात)
– ट्रॅकची नावं, लांबी, तारीख आणि जागा यांची यादी

नोंदणी सक्तीची नाही. करायचीच असेल तर कॉपीराइट कार्यालयात नमुना १४ भरतात; अर्जानंतर आक्षेपांसाठी ३० दिवस थांबावं लागतं. रचनाकार म्हणून 'आयपीआरएस'चं, म्हणजे रचनाकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घेता येतं.

१०. प्रकाशन

अशा संगीताचा श्रोता बँडकँपवर, म्हणजे कलाकार स्वतः संगीत विकतात त्या वेबसाइटवर, जास्त भेटतो. तिथे फाइल वेव्ह, एआयएफएफ किंवा फ्लॅकच लागते, एमपी३ चालत नाही. मुखपृष्ठ किमान १४०० बाय १४०० पिक्सेल. डिजिटल विक्रीतून ते १५ टक्के घेतात. पैसे पेपॅलवर येतात. पेपॅलनं १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे देण्याची सोय बंद केली आहे, त्यामुळे इथल्या मित्रांकडून यूपीआयनं पैसे घ्या आणि त्यांना डाउनलोड कोड पाठवा. आम्ही तेच केलं.

स्पॉटिफायसाठी वितरक लागतो. तीन-चार आठवडे आधी फाइल्स द्या. तिथे ३० सेकंद ऐकलं की एक वेळ मोजली जाते, आणि २०२४ पासून वर्षभरात १००० वेळा न ऐकलेल्या ट्रॅकला पैसे मिळत नाहीत. म्हणून बारा मिनिटांच्या तुकड्याचे सहा तुकडे करावेत असं कोणी सुचवेल. करू नका. तो तुकडा तुम्ही बारा मिनिटं एकमेकांना ऐकत वाजवलेला आहे.

वितरकाच्या अर्जात यूट्यूबच्या कंटेंट आयडीचा (दुसऱ्यांच्या व्हिडिओंत तुमचं संगीत शोधून त्यावर हक्क सांगणारी व्यवस्था) पर्याय येतो. कीथ रोंसारखा रेडिओ वापरला असेल आणि त्यात एखादं सिनेमाचं गाणं दोन सेकंदही आलं असेल, तर तिथे खूण करू नका. आणि मुळात तो टेक घ्यावा का, याचाच विचार करा.

शेवटी, नाकारलेल्या टेक्स पुसू नका. आमच्या वहीत १४ क्रमांकापुढे दोघांचं 'नाही' होतं. दीड वर्षानं मित्रानं तो सहज लावला, आणि आम्ही दोघं शेवटपर्यंत काही बोललो नाही. दुसऱ्या अल्बमची सुरुवात आता त्यानं होते आहे.